ईटीपीचा खर्च नक्की जातो कुठे? प्लेटिंगवाल्यांसाठी हिशोबाची पद्धत

आमचं एमआयडीसीत झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आणि त्यात खाली बसणारा गाळ म्हणजे स्लज. कितीतरी वर्षं पोल्यूशनचा खर्च म्हणजे स्लज उचलणाऱ्याचं बिल, एवढंच आम्ही धरायचो. तसं करू नका.

आधी टॅलीत "पर्यावरण" म्हणून वेगळं कॉस्ट सेंटर उघडा. चुना, कॉस्टिक, पॉली (गाळ गोळा करणारं केमिकल), लॅब टेस्टिंग, कन्सेंट फी (प्रदूषण मंडळाच्या परवानगीची), स्लजचं गाडीभाडं आणि डिस्पोजल, टँकरचं पाणी, ईटीपी बघणाऱ्या पोराचा पगार, सगळं त्यात. लाईट बिल एकच येतं म्हणून ईटीपीच्या पंपांना सबमीटर बसवा, अंदाजपंचे टक्के लावू नका, आम्ही लावले होते आणि मीटर बसल्यावर कळलं की जेमतेम निम्मा खर्च धरत होतो.

आता खरी मेख. स्लजमधलं झिंक आलं कुठून? आपणच विकत घेतलेलं ना! जिग (माल टांगायची चौकट) प्लेटिंगच्या टाकीतून वर येतो, त्याला चिकटलेलं द्रव गळत गळत रिन्समध्ये, म्हणजे धुवायच्या पाण्यात जातं, याला ड्रॅगआउट म्हणतात. एकाच झिंकला तीनदा पैसे: घेताना, ईटीपीत खाली बसवताना, आणि गाडीत भरून पाठवताना. दर महिन्याला झिंकचा सुरुवातीचा स्टॉक अधिक खरेदी वजा शिल्लक करा, त्यातून मालावर चढलेलं झिंक वजा करा. १ चौरस मीटरवर ८ मायक्रॉनचा थर म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. जो फरक उरेल, त्यातला बराचसा रिन्समधून स्लजमध्ये गेलाय (बाथची, म्हणजे टाकीतल्या द्रवातल्या झिंकची स्ट्रेंथ वाढली असेल तर तेवढं सोडून द्या).

मग हे कमी करायला जिग टाकीवर १०-१२ सेकंद थांबवा, द्रव परत टाकीतच गळू द्या. सुपरवायझर म्हणेल प्रॉडक्शन पडेल, आमचा आठवडाभर कुरकुरत होता, नंतर विसरला. एका रिन्सऐवजी दोन टाक्या ठेवून पाणी उलट्या दिशेने सोडा, हजारपट पातळ करायला एका टाकीत हजार लिटर लागत असेल तर दोन टाक्यांत हिशोबाने ३२ च्या आसपास लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्त धरा.

रेट लावताना सगळ्या मालाला किलोवर सारखा ईटीपी खर्च टाकू नका. वाटीसारखे खोलगट पार्ट द्रव भरून घेऊन वर येतात, सपाट पट्टी तसं करत नाही, मग पट्टीवाल्या कस्टमरने वाटीवाल्याचं का भरायचं? आम्ही पार्ट जिगवर तिरका लावला तेव्हाच बराच फरक पडला.

स्लज वजनावर जातो हे लक्षात ठेवा. ८० टक्के ओला १०० किलो स्लज ६० टक्क्यांवर आणला की ५० किलोच राहतो, भाडं आणि डिस्पोजल दोन्ही निम्मं. पण शेड पाहिजे, पावसात सगळं परत भिजतं, आणि नियमाप्रमाणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, त्यामुळे वाळतोय वाळतोय करत बसू नका. ३० जूनपर्यंत फॉर्म ४ (घातक कचऱ्याचा वार्षिक रिटर्न) आणि ३० सप्टेंबरपर्यंत एन्व्हायरन्मेंट स्टेटमेंट (प्रदूषण मंडळाला द्यायचा वार्षिक अहवाल) भरताना पाणी, कच्चा माल, स्लज हे आकडे लागतातच, ते याच हिशोबातून उचला, आदल्या रात्री जुळवाजुळव करावी लागत नाही.