एटीसीत यायचंय? आधी साठाचा हिशोब पक्का करा

नागपुरातून एटीसीकडे, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाकडे, वळणाऱ्यांत बी.एस्सी. आणि इंजिनिअरिंगवाले सारखेच दिसतात. विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदाला भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. चालते. इंजिनिअरिंगची शाखा कोणतीही असो, एखाद्या सेमिस्टरला हे दोन्ही विषय असल्याचं गुणपत्रिकेतून दाखवावं लागतं. फॉर्म भरण्याआधीच ती काढून बघा. कमाल वय 27, राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि वैद्यकीय तपासणी होते. प्रशिक्षण मुख्यतः प्रयागराजला. हैदराबादला आणि आपल्या गोंदियातही केंद्रं आहेत.

एवढी माहिती कोणताही क्लास देतो. खुर्चीवर बसल्यावर डोकं कसं चालवावं लागतं, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही.

विमानांमधलं अंतर दोन तऱ्हांनी राखतात: उंचीचं किंवा आडवं. उंचीचं साधारण 1000 फूट, तेही 41,000 फुटांपर्यंत. रडारवर आडवं अंतर मार्गावर सहसा 5 सागरी मैल, विमानतळाजवळ मंजुरी असेल तिथे 3. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजारांच्या पातळ्या (जसं 35,000 फूट), पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम. त्यामुळे समोरासमोरची विमानं आपोआप वेगळ्या उंचीवर राहतात. इथेच नवखा निर्धास्त होतो. नागपूरच्या आकाशात मुंबई-कोलकाता आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग एकमेकांना छेदतात. दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्याची दिशा साधारण 170 अंश, 180 च्या आत, म्हणजे नियमाच्या हिशोबात तोही पूर्वेकडचाच. कोलकात्याला जाणारं आणि चेन्नईला जाणारं विमान, दोघंही नियम पाळून 35,000 फुटांवर येऊ शकतात. नियम मोडला कोणीच नाही, तरी गाठ पडायची वेळ येते.

आता हिशोब. 480 नॉट, म्हणजे तासाला 480 सागरी मैल, म्हणजे मिनिटाला 8 मैल. दोन्ही विमानं छेदबिंदूपासून 60 मैलांवर असतील तर हातात साडेसात मिनिटं आहेत. साठ मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल, हे सूत्र तोंडपाठ हवं. चेन्नईच्या विमानाला 10 अंश उजवीकडे वळवलं, तर ते कोलकात्याच्या विमानामागून जातं. मूळ मार्गापासून ते 10 मैल सरकतं, पण दोघांमधलं किमान अंतर 7 मैलांच्या आसपासच भरतं, कारण दुसरंही पुढे सरकतच असतं. नवखे नेमके इथेच चुकतात: सरकलेलं अंतर म्हणजेच सेपरेशन (दोन विमानांमधलं अंतर), असं धरून चालतात. हाच निर्णय 40 मैलांवर घेतला तर 5 मैल जेमतेम हुकतात. 20 मैलांवर 20 अंश वळवूनही पुरत नाही, शिवाय सूचना ऐकून, ती परत म्हणून (रीडबॅक देऊन) विमान वळायला लागेपर्यंत काही सेकंद जातात ते वेगळेच. लवकर दिलेले दहा अंश प्रवाशाच्या लक्षातही येत नाहीत. उशिरा दिलेले चाळीस चौकशीच्या कागदावर येतात.

‘उंची बदलून टाकू’ हा पर्यायही दिसतो तितका सोपा नाही. शेजारची 1000 फुटांची पातळी उलट दिशेच्या विमानांची. आपल्या दिशेची हवी तर 2000 फूट. आणि इंधनानं जड असलेलं विमान त्या उंचीवर रखडत चढतं. उन्हाळ्यात नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडालेल्या विमानाचीही तीच गत. चाळीस-पंचेचाळीस अंश तापमानात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो, आणि जानेवारीत ज्या बिंदूवर ते ठरलेली उंची गाठायचं तिथे मे महिन्यात ते खालीच असतं. म्हणून ‘अमुक बिंदूआधी अमुक उंची’ असं बंधन घालताना जमेल का, हे वैमानिकाला विचारून घ्या.

दुसरी मेख रीडबॅकची. वैमानिक सूचना परत म्हणतो तेव्हा कंट्रोलरचे डोळे बहुतेक पुढच्या विमानावर गेलेले असतात. कानाला जे अपेक्षित तेच ऐकू येतं. शेवटचे अंक सारखे असलेली दोन कॉलसाइन (रेडिओवरची विमानाची नावं) एकाच फ्रिक्वेन्सीवर असली की एकाची सूचना दुसरा घेतो. अशा वेळी दोघांनाही सावध करा. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर कझाक विमानाला 15,000 फुटांची सूचना होती, समोरून सौदी विमान 14,000 वर होतं. कझाक विमान ठरल्यापेक्षा खाली उतरलं आणि 349 जण गेले. तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. आज दिसते, मग रीडबॅक बरोबर आला तरी पडद्यावरचा आकडा थांबेपर्यंत नजर ठेवायची.

वैमानिक ‘टीकॅस आरए’ म्हणाला (म्हणजे धडक टाळणाऱ्या यंत्रानं त्याला चढा किंवा उतरा सांगितलं) की त्याला वर-खाली जाण्याची सूचना देणं बंद. ‘रॉजर’ म्हणा आणि गप्प बसा. 2002 मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगेनला यंत्र ‘चढा’ आणि कंट्रोलर ‘उतरा’ म्हणत असताना एका विमानानं कंट्रोलरचं ऐकलं. 71 बळी गेले. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) कळवून विमान आपल्या क्लिअरन्सवर, म्हणजे आधी मंजूर केलेल्या उंचीवर, परतलं की सूत्रं पुन्हा तुमच्याकडे.

हँडओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या कंट्रोलरकडून काम हाती घेताना, हेडसेट लावून दोन मिनिटं नुसतं ऐकावं, मग खुर्ची घ्यावी. गर्दी ओसरल्यावर येणारी ढिलाईही तितकीच घातक.

घरी करण्यासारखा सराव एकच सांगतो. मित्राला कॉलसाइन, उंची, दिशा आणि फ्रिक्वेन्सी एका दमात सांगा. तो परत म्हणताना मुद्दाम एखादा आकडा बदलेल, तो पकडा. सोबत टीव्ही चालू ठेवा, आणि त्याच वेळी कागदावर दुसरीच बेरीज करा. उलटी दिशा काढायला 200 मिळवा, 20 वजा करा. दिशा 180 च्या वर असेल तर 200 वजा करून 20 मिळवा. 140 चं 320, हीच सोनेगावच्या धावपट्टीची दोन टोकं, 14 आणि 32.