माटोळीतला घड कुणी खाल्ला? : डिटेक्टिव्हची टर उडवणारा पिक्चर घरच्या घरी

मी 27 वर्षं आमच्या देवळातल्या उत्सवाच्या नाटकांचा प्रॉम्प्टर. त्यामुळे गेल्या चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीला, पुतण्या मोबाइल नाचवत "काका, डिटेक्टिव्हचा विनोदी पिक्चर काढूया" म्हणाला, तेव्हा मी आधी वही शोधली. तुम्हीही वहीपासूनच सुरुवात करा.

वहीत विनोद लिहायचा नाही, गुन्हा लिहायचा. काय गेलं, कधी गेलं, कोण कुठं होतं. आमच्याकडे माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळं-भाज्यांच्या चौकटीला, बांधलेला गोव्यातल्या मयडे गावच्या केळ्यांचा घड रात्रीत गायब झाला. वीज साडेअकराला गेली ती दीडला आली. घरात माणसं 29. विलायती रहस्यकथेत संशयितांना एका बंगल्यात कोंडायला बर्फ पाडावा लागतो. आपल्याला चवथ पुरते. मूळ घरात सगळे भाऊबंद जमलेले, बाहेर धो धो पाऊस, आणि वाटणीवरून प्रत्येकाचा कुणावर तरी राग. हेतू शोधायला उंबरठासुद्धा ओलांडावा लागत नाही. (शूटिंग मात्र विसर्जनानंतर, माटोळी उतरवायच्या आधी. गणपतीसमोर धिंगाणा नको, असं आईनं बजावलं होतं.)

मग नियम बघा. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. चोरवाट एकापेक्षा जास्त नको, जुळे भाऊ आयत्या वेळी आणू नयेत, डिटेक्टिव्हनं स्वतः गुन्हा करू नये, वगैरे. टर उडवणाऱ्याला ही आयती शिदोरी. पण त्यातला एकच नियम मोडा आणि बाकीचे इमानदारीनं पाळा, नाहीतर मोडल्याचं कुणाच्या लक्षातच येणार नाही. आम्ही डिटेक्टिव्हचा मोडला. घड त्यानंच खाल्लेला, अंधारात, झोपेत चालत येऊन.

आता पडापडी. इथं माझं पुतण्याशी वाजलं. त्याला वाटे, माणूस धपकन पडला की लोक हसतात. पहिल्यांदा हसतात, दुसऱ्यांदाही हसतात, तिसऱ्यांदा मोबाइल बघायला लागतात. म्हणून प्रत्येक आपटीत एक पुरावा ठेवायचा. आमचा डिटेक्टिव्ह केळ्याच्या सालीवरून घसरतो, उठतो, साल खिडकीबाहेर भिरकावतो, "फरशी कुणी पुसली?" म्हणून वहिनीवर खेकसतो आणि भिंग घेऊन ओणवा होऊन फरशी तपासू लागतो. प्रेक्षकाला सगळं कळलेलं, ह्यालाच नाही. पुढच्या खोलीत पुन्हा तेच. अशा पाच आपट्या, आणि पाचवी त्याच्याच अंथरुणापाशी. तिथंही तो मेव्हण्याला पकडतो.

डिटेक्टिव्हसाठी विनोदी नट घेऊ नका. आमच्या मावसभावानं आयुष्यभर संगीत नाटकांतले राजे केले, आवाज खर्जातला, चाल हत्तीची. पहिल्या दिवशी पोरं हसली तसे तेही कॅमेऱ्याकडे बघून भुवई उडवायला लागले. तीन टेक वाया. शेवटी मी म्हटलं, "दादा, हे शोकान्त नाटक आहे असं धरा." मग जमलं. ओव्हरकोट नाटकांचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून आणला. भाद्रपदाच्या दमटात तो एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त घालायला लावू नका, माणूस खरोखर कोसळतो.

आमच्या पिढीनं रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांचे नायक झुंजार आणि काळापहाड चोरून वाचलेले, त्यामुळे कोटाची कॉलर वर झाली की आम्हाला हसू फुटतं. पोरांना तो संदर्भ नाही. त्यांच्यासाठी पहिली दोन मिनिटं अगदी खऱ्या रहस्यपटासारखी ठेवा: कंदील, पाऊस, करकरणारं दार. टर कशाची चालली आहे ते आधी दिसू दे.

कॅमेरा राजांगणाच्या, म्हणजे घराच्या मधल्या चौकाच्या, कोपऱ्यात स्टुलावर बसवा आणि हलवू नका. माणूस डोक्यापासून तळव्यापर्यंत दिसला पाहिजे. जवळून तोंड घ्यायची पुतण्याला भारी हौस, पण पाय दिसले नाहीत तर घसरणं कसलं? राजांगणाला चारी बाजूंनी दारं असतात, त्यांचा पुरेपूर वापर करा. हा एका दारानं आत, संशयित शेजारच्या दारानं बाहेर. हे आम्ही घुमट या मातीच्या तालवाद्याच्या ठेक्यावर बसवलं. आठ मात्रा मोजायच्या, चौथीला दार, सातवीला आपटी. चवथीला घुमट घरात असतंच, वाजवणारेही असतात. 11 तालमी झाल्या आणि दोन टेकमध्ये काम झालं.

आवाज वेगळा घ्या. स्लॅपस्टिक म्हणजे मुळात दोन पट्ट्यांची काठी. इटलीतल्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकांत ती अंगावर हाणली की मार हलका लागे, आवाज मोठा होई. आम्ही बांबूच्या दोन पट्ट्या मुठीपाशी सुतळीनं बांधल्या. छान वाजतात.

खरोखर कुणाला पाडू नका. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटननं 1924 च्या ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये पाण्याच्या टाकीखाली अंगावर लोंढा घेतला, मान रुळावर आपटली. मणका मोडला होता हे त्याला अनेक वर्षांनी एका डॉक्टरनं सांगितलं. आम्ही घसरायला लागलेला पाय दाखवला, मग हातात ताट धरलेल्या वहिनीचा चेहरा, मग धाड्‌, मग गादीवरून उचलून फरशीवर ठेवलेला डिटेक्टिव्ह. धावपळ नंतर मोबाइलवर दहा-बारा टक्क्यांनी जलद करा. त्याहून जास्त केली की माणसं मुंग्यांसारखी दिसतात.

पाठलाग हवाच असेल तर पायलटच्या (गोव्यातली भाड्याची मोटारसायकल) मागच्या सीटवरून रायबंदरच्या धक्क्यावर या. चोर नदीपलीकडच्या चोडण बेटाच्या फेरीबोटीत चढतो, डिटेक्टिव्हही चढतो, आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत दोघांना शेजारी-शेजारी गप्प उभं राहावं लागतं. मला सगळ्यात आवडलेला प्रसंग हाच, पण तो वहीतच राहिला. सार्वजनिक जागी शूटिंगची परवानगी आधी काढावी लागते आणि आमची सुट्टी संपत आली होती.

एक सांगायचं राहिलं. केळ्याची साल काही तासांत काळी पडते, आणि काळी साल मागच्या दृश्याशी जुळत नाही. तीन दिवस रोज ताज्या पाच साली लागल्या, म्हणजे रोज पाच केळी कुणीतरी खायला हवी. मयड्याचं केळं मोठं, दोनातच पोट भरतं. पोरांनी पहिल्याच दिवशी हात टेकले. शेवटी मावसभावच खात बसायचे, कोट घालून, ओसरीवर.