आतून की बाहेरून: बझरबीटरमध्ये आक्रमणाची दिशा कशी ठरवावी

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल व्यवस्थापन खेळात सामन्याआधी आक्रमणाचे डावपेच निवडायला काही क्षण पुरतात, आणि त्यामुळेच ती निवड सामन्याच्या दिवशीच करायची असते असा समज नव्या व्यवस्थापकांमध्ये पसरतो. प्रत्यक्षात आतून (बास्केटजवळून) खेळायचे की बाहेरून (लांबून), हे आपण खेळाडू विकत घेताना, आठवड्याचे प्रशिक्षण लावताना आणि पगाराचा हिशेब मांडताना ठरवत असतो. सामन्याचा आदेश भरताना त्या निर्णयाला फक्त नाव दिले जाते.

नावे थोडक्यात समजून घ्यावीत. लुक इनसाइड आणि लो पोस्ट हे आतले डावपेच आहेत. त्यांपैकी लो पोस्टची गती संथ असते. मोशन, रन अँड गन आणि प्रिन्स्टन हे बाहेरचे; रन अँड गनमध्ये चेंडू झटपट फेकला जातो, तर प्रिन्स्टनमध्ये चांगल्या संधीची वाट पाहिली जाते. बेस ऑफेन्स, पुश द बॉल आणि पेशंट यांना ठरावीक दिशा नाही, आणि ज्याचा संघ अजून घडायचा आहे त्याने काही काळ त्यांच्यावरच राहणे शहाणपणाचे आहे.

दोन्ही दिशांची तुलना टक्केवारीवरून करू नये, एका फेकीमागे किती गुण मिळतात यावरून करावी. तीन गुणांच्या फेकी 36 टक्के यशस्वी होत असतील, तर प्रत्येक फेकीमागे सरासरी 1.08 गुण मिळतात. दोन गुणांच्या फेकीतून तेवढेच मिळवायचे असतील, तर 54 टक्के यश लागते. मात्र हा हिशेब इथे थांबवला तर आतल्या खेळावर अन्याय होतो, कारण बास्केटजवळ खेळणाऱ्याला फाउल मिळून फ्री थ्रोचे गुण मिळतात. उलट बाजूने, बाहेरच्या डावपेचांतली प्रत्येक फेक तीन गुणांची नसते. ज्या गार्डचा (बाहेर राहून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूचा) जंप शॉट (उडी मारून फेकण्याचे कौशल्य) चांगला पण जंप रेंज (लांबून फेकण्याचे कौशल्य) कमी आहे, तो तीन गुणांच्या रेषेच्या आतून लांबच्या फेकी मारत राहतो, आणि त्यांत दूरच्या फेकीची अडचण असते पण तिसरा गुण नसतो. म्हणून बाहेरून खेळायचे असेल तर जंप रेंजकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आतून खेळायचे म्हणजे दोन महागडे उंच खेळाडू घ्यायचे, असे बहुतेकांना वाटते. परंतु त्या दोघांपर्यंत चेंडू चांगल्या जागी आणि योग्य वेळी पोहोचवण्याचे काम गार्डचे असते. गार्डचे पासिंग आणि हँडलिंग (चेंडूवरचा ताबा) कमकुवत असेल तर सेंटरचा (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा) इनसाइड शॉट (जवळून फेकण्याचे कौशल्य) कितीही वरच्या दर्जाचा असला तरी त्याला अवघड फेकीच घ्याव्या लागतात. शिवाय आतल्या डावपेचांत गार्डही आत शिरून फेक घेतात. ड्रायव्हिंगसोबत (चेंडू घेऊन आत शिरण्याच्या कौशल्यासोबत) थोडा इनसाइड शॉट असलेला गार्ड अशा संघात फार मोलाचा ठरतो, आणि बाजारात त्याच्याकडे अनेकांचे लक्ष नसते. बाहेरच्या आक्रमणाची गोष्ट नेमकी उलट आहे. तिथे गार्ड चांगले असतातच; प्रश्न असतो तो जंप शॉट अजिबात नसलेल्या सेंटरचा, कारण त्याच्याकडे आलेल्या फेकी वाया जातात. थोडक्यात, आतल्या संघाची परीक्षा त्याच्या गार्डमध्ये होते आणि बाहेरच्या संघाची त्याच्या उंच खेळाडूंमध्ये. खेळाडू खरेदी करताना हीच जागा आधी तपासावी.

प्रशिक्षणाचे नियम या निर्णयाला आणखी घट्ट बांधतात. आठवड्याला एकच कौशल्य शिकवता येते, आणि त्याचा पूर्ण लाभ मिळण्यासाठी खेळाडूने संबंधित जागेवर 48 मिनिटे खेळलेले असावे लागते. उंच खेळाडू आतली कौशल्ये लवकर शिकतात, बुटके खेळाडू बाहेरची. त्यामुळे दिशा मध्येच बदलणे हे दीर्घ काळाचे काम होते. पगाराचाही विचार आधीच करावा: इनसाइड शॉट, इनसाइड डिफेन्स (बास्केटजवळचा बचाव) आणि रिबाउंडिंग (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणे) हे तिन्ही उंचावलेल्या सेंटरचा पगार झपाट्याने चढतो, आणि लहान क्लबला तो पेलत नाही. अशा क्लबने एकाच खेळाडूवर पैसा ओतण्यापेक्षा पाचही जागांवर समतोल दर्जा ठेवून बाहेरून खेळणे अधिक परवडणारे ठरू शकते.

सामन्याच्या दिवशी उरते ते प्रतिस्पर्ध्याचे वाचन. त्याचे मागचे काही सामने उघडून तो कोणत्या दिशेने खेळतो आणि महत्त्वाच्या सामन्यात ती दिशा बदलतो का, हे पाहावे. 2-3 झोन हा बचावाचा प्रकार बास्केटजवळची जागा आवळतो आणि बाहेरची मोकळी सोडतो. 3-2 झोन याच्या उलट करतो. सतत आतून खेळणाऱ्या संघासमोर कुणीतरी 2-3 उभा करणारच, म्हणून अशा संघाकडे निदान एक असा फॉरवर्ड (गार्ड आणि सेंटर यांच्या मधल्या जागेवरचा खेळाडू) असावा जो बाहेरून फेक घेऊ शकेल. सामन्याच्या तयारीत प्रतिस्पर्ध्याची दिशा आणि गती यांचा अंदाज नोंदवता येतो. तो बरोबर आला तर फायदा होतो, चुकला तर नुकसान. ज्याची सवय स्पष्ट दिसत नाही त्याच्याबाबत अंदाज न नोंदवणेच बरे.

निकालानंतर केवळ गुणफलक पाहून डावपेच बदलू नयेत. प्रत्येक जागेसमोर दर 100 फेकींमागे अपेक्षित गुण दाखवलेले असतात, ते आधी वाचावेत. ते चांगले असूनही सामना हातचा गेला असेल, तर फेकी त्या दिवशी पडल्या नाहीत एवढेच. पुढच्या सामन्यात तेच डावपेच ठेवावेत. ते आकडेच खालावलेले असतील, तर कोणत्या जागेवर खालावले ते शोधावे: आतल्या संघात सेंटरचा आकडा घसरलेला दिसला की प्रथम संघाचे ऑफेन्सिव्ह फ्लो (चेंडू चांगल्या संधीपर्यंत पोहोचवण्याच्या क्षमतेचा आकडा) पाहावे आणि मगच सेंटर बदलण्याचा विचार करावा, कारण बऱ्याचदा विकत घ्यायला हवा असतो तो पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वाटणारा मुख्य गार्ड.