आधी ऊब, मग दूध : मांजराची पिल्लं सांभाळताना या चुका टाळा

आमच्या मागच्या खोलीत बाराही महिने कुणीतरी मुक्कामाला असतं. रस्त्यावरची पिल्लं, घर मिळेपर्यंतची सोय. कधी पंधरा दिवस, कधी चार महिने. कोल्हापुरात पाऊस लागला की माझा फोन वाजायला लागतो आणि पलीकडून दरवर्षी त्याच चुका ऐकू येतात.

सगळ्यात आधी दूध. मागच्या जुलैत शिवाजी पेठेतला एक पोरगा चपलांच्या खोक्यात तीन पिल्लं घेऊन दारात उभा. डोळे नुकते किलकिले झालेले, म्हणजे असतील दहा दिवसांची. "मावशी, गंगावेशीतनं धारोष्ण दूध आणून पाजलंय, तरी गप्प पडून हायती." दूध कट्ट्यावर, म्हणजे म्हैस समोर पिळून दूध देतात तिथं, ग्लास तोंडाला लावणाऱ्या आपल्या लोकांना म्हशीच्या दुधानं कुणाचं वाईट होईल, हे पटतच नाही. मी खोक्यात हात घातला. पिल्लं फरशीसारखी गार. एकाच्या नाकातून दुधाचे बुडबुडे येत होते, कारण या पठ्ठ्यानं त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून ड्रॉपर पिळला होता. दूध फुप्फुसात गेलं. ते पिल्लू रात्रीतच दगावलं. बाकीची दोन वाचली, पण त्यांना पहिले दीड-दोन तास मी दुधाचा थेंबही दिला नाही. पोरगा सारखा म्हणतोय, "भुकेली हायती की ओ!"

असू देत भुकेली. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला अंगातली ऊब स्वतःची स्वतः टिकवता येत नाही. अंग गार पडलं की आतडंही मंदावतं आणि पाजलेलं दूध न पचता पोटात पडून राहतं. माझी सवय सांगते: करंगळी पिल्लाच्या तोंडात घालून बघायची. तोंड आतून गार लागलं तर दुधाची बाटली लांब ठेवायची. गरम पाण्याची पिशवी जुन्या सुती साडीत गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवायची, म्हणजे चटका लागायला लागला तर पिल्लाला सरकायला जागा राहते. तोंड कोमट लागलं की मग पाजायचं, तेही पालथं धरून, आईला पितं तसं. दूध मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचं. गाई-म्हशीच्या दुधानं जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला दोन वेळचे जुलाबही पुरे होतात. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हळू पुसायचं. साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपली आपण शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. हे कुणी विचारत नाही, पोट फुगल्यावर मात्र फोन येतो.

रोज किचनच्या काट्यावर वजन करा. जन्मतः 100 ग्रॅमच्या आसपास असतं, पुढं दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं. "चांगलं गुबगुबीत दिसतंय" हे वजन नव्हे.

खरं तर अर्धी पिल्लं उचलायलाच नको असतात. आई शिकारीला गेलेली असते आणि इकडं कुणीतरी स्टेटस टाकून "अनाथ पिल्लं" जाहीर करतं. पिल्लं उबदार आणि शांत असतील तर भोवती कणीक भुरभुरवून लांब जा, काही तासांनी आईचे पंजे उमटलेत का बघा. पावसात भिजत असतील तर अर्थात थांबू नका.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून जास्त लागते. खोलीत चार धडधाकट पिल्लं होती, तेवढ्यात लक्ष्मीपुरीच्या बाजारातून पाचवं आलं. दिसायला ठणठणीत. एकटं रडत होतं म्हणून पहिल्याच रात्री चौघांत सोडलं. पाचव्या दिवशी त्याला उलट्या, मग जुलाब, आणि आठवड्याभरात मी पाचातली तीन पुरली. मांजरांचा पार्वो, विषाणूनं होणारा आणि झपाट्यानं पसरणारा रोग. लक्षणं दिसायला दहा दिवसही लागू शकतात आणि घरात हा विषाणू वर्षभर टिकतो. आता नवं पिल्लू चौदा दिवस न्हाणीघरात. त्याची वाटी वेगळी, त्याच्याकडं जायचा माझा गाऊनही वेगळा. रडलं तर मी दाराबाहेर बसून बोलते, पण दार उघडून एकत्र करत नाही. फरशीला ब्लीच, एका भागाला 32 भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून मग धुवायचं. फिनेल नको. त्यानं पार्वो हटत नाही आणि मांजराला ते विष आहे.

विषाचं निघालंच आहे तर: तापाला पॅरासिटामॉल देऊ नका, एका गोळीत मोठं मांजर मरतं. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. आणि रविवारच्या पांढऱ्या रश्श्यात बुडवलेली भाकरी लाडानं घालू नका, त्यात कांदा-लसूण असतं.

ओरखडलं, चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे आपला सरकारी दवाखाना, गाठून रेबीजची लस. "एवढंसं तर पिल्लू आहे" हे मला सांगू नका.

घर द्यायचं म्हटलं की सगळ्यांनाच घाई. आठ आठवड्यांच्या आत मी पिल्लू देत नाही, पहिली लस झाल्याशिवाय तर नाहीच. गुळाच्या गोदामात उंदरांसाठी मांजर हवं म्हणणाऱ्याला आधी विचारते, उंदराचं औषध टाकता का? भाटी नेणाऱ्याकडून ऑपरेशनचं कबूल करून घेते, कारण चार-पाच महिन्यांची भाटीसुद्धा गाभण राहते. राजारामपुरीतल्या एका चौथ्या मजल्यावर मी बाल्कनीला जाळी नाही म्हणून पिल्लू परत घेऊन आले. ते काका चांगलेच तापले, "मांजर कुठं पडतंय व्हय?" महिन्यानं त्यांचा मेसेज आला. शब्द एकही नाही, नुसता जाळीचा फोटो. ते पिल्लू तोवर दुसरीकडं गेलं होतं, त्यांना पुढच्या खेपेतला काळा बोका दिला.