दोन रनिंग बॅकपैकी एक निवडताना

ऑगस्टच्या अखेरच्या एखाद्या रविवारी सकाळी ६ वाजता, विश्रामबागेत दूधवाल्याची फेरी चालू असताना, मी चहाचा कप आणि चौकटीची वही घेऊन लॅपटॉपपुढे बसतो. त्या वेळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. कॉलेजच्या आमच्या बॅचमधले सात जण तिकडे, तिघे पुण्यात, एक बंगळुरूत आणि मी सांगलीत, अशा १२ जणांचा फँटसी फुटबॉलचा ड्राफ्ट याच वेळी ठरलेला असतो. अमेरिकन फुटबॉलमधले खरे खेळाडू फेरीफेरीने, पाळीपाळीने निवडून प्रत्येकाने आपला कागदावरचा संघ बांधायचा, तो हा ड्राफ्ट. पैसे आम्ही कधीच लावले नाहीत, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर तो प्रश्नही उरलेला नाही. शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्याने बाकीच्यांना भडंग पुरवायचा, एवढाच दंड आहे. तरीही दरवर्षी एक क्षण असा येतो की निवडीसाठी मिळालेले ९० सेकंद सरत असतात, पडद्यावर दोन रनिंग बॅकची नावे एकाखाली एक दिसत असतात आणि दोघेही सारखेच चांगले वाटतात. त्या वेळी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

खेळाशी नव्याने ओळख झालेल्यांसाठी दोन वाक्ये पुरेत. रनिंग बॅक म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू हातात घेऊन बचावफळीत घुसणारा खेळाडू. कबड्डीतल्या चढाईपटूसारखे त्याचे काम असते, फक्त परत फिरायचे नसते. तो जितके यार्ड पुढे जाईल, जितके टचडाउन करील (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेईल) आणि जितके पास झेलेल, त्या हिशेबाने त्याला आपल्या फँटसी संघात घेणाऱ्याला गुण मिळतात.

माझ्या मते दोन खेळाडूंची तुलना सुरू करण्यापूर्वी आपल्या लीगची गुणपद्धती उघडून पुन्हा एकदा वाचावी, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात. बहुतेक ठिकाणी १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला ६ गुण असतात. फरक पडतो तो झेलांमुळे. काही लीगमध्ये झेलाला वेगळा गुण नसतो, काहींत अर्धा असतो आणि पीपीआर (‘पॉइंट पर रिसेप्शन’, म्हणजे झेलामागे गुण) पद्धतीत पूर्ण १ गुण असतो. पूर्ण गुण असेल तर ५ यार्ड धावल्यास अर्धा गुण मिळतो आणि ५ यार्डांचा पास झेलल्यास दीड गुण, म्हणजे अंतर तेवढेच असताना तिप्पट मोल. २०२४ च्या हंगामातली एक जोडी घेतली तर हे लगेच ध्यानात येते. बाल्टिमोरच्या डेरिक हेन्रीने त्या वर्षी धावून १९२१ यार्ड आणि १६ टचडाउन केले, तर १९ पास झेलून १९३ यार्ड आणि आणखी २ टचडाउन मिळवले. डेट्रॉइटच्या जामिर गिब्जने धावून १४१२ यार्ड आणि १६ टचडाउन केले, आणि ५२ पास झेलून ५१७ यार्ड व ४ टचडाउन जोडले. निसटलेल्या चेंडूंची वजावट बाजूला ठेवून हिशेब केला, तर झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये हेन्रीचे सुमारे ३१९ आणि गिब्जचे सुमारे ३१३ गुण होतात, म्हणजे हेन्री पुढे. झेलाला अर्धा गुण दिला की गिब्ज ३३९ आणि हेन्री ३२९ होतात, आणि पूर्ण गुण दिला की गिब्ज ३६५ वर जातो तर हेन्री ३३८ वर राहतो. खेळाडू तेच आणि हंगामही तोच, तरी उत्तर फिरले. म्हणून ‘या दोघांत चांगला कोण’ असे विचारणाऱ्याला मी आधी ‘तुमच्या लीगमध्ये झेलाला किती गुण’ असे विचारतो.

याच आकड्यांत आणखी एक फसगत दडलेली आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा नियमित हंगाम १८ आठवड्यांचा असतो, परंतु बहुतेक फँटसी लीगची अंतिम लढत १७ व्या आठवड्यातच संपते, कारण शेवटच्या आठवड्यात कित्येक संघ आपल्या प्रमुख खेळाडूंना विश्रांती देतात. गिब्जने २०२४ च्या २० टचडाउनपैकी ४ टचडाउन १८ व्या आठवड्यात मिनेसोटाविरुद्ध केले; नुसत्या त्या टचडाउनचे २४ गुण झाले, आणि आमच्यासारख्यांच्या लीगमध्ये त्यांतला एकही कोणाच्या खात्यात पडला नाही. हेन्रीनेही त्या आठवड्यात २ टचडाउन केले होते. हंगामाची बेरीज पाहून खेळाडू निवडणे म्हणजे हळदीचे पोते बाहेरून दाबून भाव ठरवण्यासारखे आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला उभा राहिलेला माणूस हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. आपणही बेरीज मोडून १ ते १७ आठवड्यांचे आकडे वेगळे पाहावेत.

गुणपद्धतीनंतरचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार प्रश्न कामाचा आहे. खेळाडूची चपळाई, त्याच्या धावण्याच्या चित्रफिती, त्याचे नाव या सगळ्यांपेक्षा, एका सामन्यात चेंडू त्याच्या हाती किती वेळा येणार, हे अधिक मोलाचे असते. धावणे आणि झेलणे मिळून सामन्याला २० वेळा ज्याच्याकडे चेंडू येतो तो सामान्य कुवतीचा असला तरी गुण मिळवतो. १० वेळा येतो तो कितीही चपळ असला तरी एखाद्या लांब धावेवर अवलंबून राहतो. इथे त्याच्याच संघातला दुसरा रनिंग बॅक पाहणे आवश्यक आहे. २०२३ मध्ये डेट्रॉइटमध्ये गिब्जने धावून ९४५ यार्ड आणि १० टचडाउन केले, तर त्याच संघात डेव्हिड माँटगोमरीने १०१५ यार्ड आणि १३ टचडाउन केले. संघाला हे दुहेरी बैल जोतणे फार मानवले, पण दोघांपैकी एकालाच घेणाऱ्याला दर आठवड्याला आज नांगर कोणाच्या खांद्यावर, ही धाकधूक होती. माँटगोमरी २०२४ च्या डिसेंबरात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसल्यावर गिब्जच्या वाट्याला काय आले, हे वरच्या मिनेसोटाच्या सामन्यात दिसलेच.

टचडाउनचा वाटेकरी मात्र नेहमी रनिंग बॅकच असतो असे नाही. २०२३ मध्ये फिलाडेल्फियाच्या डीआंड्रे स्विफ्टने १०४९ यार्ड धावूनही धावेचे फक्त ५ टचडाउन केले, कारण शेवटचा एक यार्ड उरला की तो संघ क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला मागून ढकलत रेषेपार नेत असे, आणि हर्ट्सने त्या हंगामात धावून १५ टचडाउन केले. म्हणून दोन्ही खेळाडूंच्या नावापुढे वहीत एक प्रश्न लिहावा: संघ रेषेपासून ५ यार्डांवर पोहोचला की चेंडू कोणाला देतो? याचे उत्तर एका खेळाडूसाठी ‘त्यालाच’ आणि दुसऱ्यासाठी ‘सांगता येत नाही’ असे आले, तर निवड जवळजवळ झालीच.

संघाची एकूण प्रकृती थोडक्यात पाहिली तरी चालते. जिंकत असलेला संघ वेळ घालवण्यासाठी धावत राहतो आणि मागे पडलेला संघ पास फेकू लागतो. त्यामुळे दुबळ्या संघातला, पास न झेलणारा रनिंग बॅक सामन्याच्या उत्तरार्धात बाकावर बसलेला दिसतो, आणि पास झेलणाऱ्याला उलट पराभवातही काम मिळते. रनिंग बॅकला वाट करून देणारी पुढची पाच जणांची फळी भक्कम आहे का, तिच्यातले कोणी सोडून गेले का, हेही पाहावे. प्रत्येक संघाला हंगामात एकदा मिळणाऱ्या सुटीच्या आठवड्यावर मात्र लोक विनाकारण वेळ घालवतात; तो एका आठवड्याचा प्रश्न आहे आणि त्याच्यासाठी चांगला खेळाडू सोडू नये.

आता जोखमीविषयी. आमच्याकडे शेतकऱ्याला ऊस आणि द्राक्ष यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ऊस फार श्रीमंत करत नाही, पण सहसा बुडवतही नाही. द्राक्षबाग साधली तर बंगला उठतो आणि अवकाळी पाऊस आला तर औषधाचाही खर्च निघत नाही. रनिंग बॅकही याच दोन जातींचे असतात: एक दर आठवड्याला १२-१३ गुण आणून देणारा, दुसरा एकदा २८ आणि एकदा ४ देणारा. पहिल्या दोन फेऱ्यांत मी ऊस लावतो, कारण त्या फेरीतला खेळाडू फसला तर हंगामच खचतो. आठव्या-नवव्या फेरीत मात्र दर आठवड्याला ६ गुण देणारा भरवशाचा माणूस घेऊन काही साधत नाही. तिथे द्राक्षच लावावे, कारण फसले तर त्याला सोडून दुसरा घेता येतो. आपल्या संघात आधीच दोन जोखमीचे खेळाडू असतील, तर तिसऱ्या वेळी समोरच्या दोघांतला शांत माणूस घ्यावा, मग यादीत तो चार जागा खाली असला तरी चालेल.

दुखापतीचे भाकीत कोणालाही करता येत नाही, हे मान्य करून मगच त्याविषयी बोलावे. रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये धावून १३८७ आणि झेलून १००५ यार्ड केले आणि पुढच्या वर्षी तो तीनच सामने खेळला. २०२३ मध्ये त्याने एकूण २१ टचडाउन केले आणि २०२४ मध्ये तो चारच सामने खेळला. याउलट २८ वर्षांच्या पुढे रनिंग बॅक उतरणीला लागतो, या सर्वसाधारण अनुभवाला हेन्रीने वयाच्या तिशीत १९२१ यार्ड धावून छेद दिला. म्हणून वय आणि जुनी दुखापत यांना मी निकाल देण्याचा अधिकार देत नाही. बाकी सगळे सारखे असेल तेव्हाच त्यांना तराजूत टाकतो. त्यापेक्षा या दोघांपैकी कोणाच्या बदली खेळाडूचे नाव स्पष्ट आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. २०१८ मध्ये पिट्सबर्गचा लेव्हियॉन बेल करारावरून अडून बसला आणि पूर्ण हंगाम खेळलाच नाही, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरने ९७३ यार्ड आणि धावेचे १२ टचडाउन केले. ज्याचा वारस ठरलेला आहे असा खेळाडू घेतला, तर शेवटच्या फेऱ्यांत वारसही घेऊन ठेवता येतो. ज्याच्यामागे तिघे रांगेत आहेत त्याच्या बाबतीत तेही करता येत नाही.

यापुढचा मुद्दा अमेरिकेतल्या मित्रांना कधी सुचत नाही, पण सांगलीत बसून खेळणाऱ्याला तो टाळता येत नाही. न खेळणाऱ्या खेळाडूंची अधिकृत यादी सामन्याच्या ९० मिनिटे आधी लागते. पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी १ वाजता सुरू होणारे सामने सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, म्हणजे यादी ९ वाजता, जेवण आटोपत असताना समजते. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की सगळे एक तास पुढे सरकते. पश्चिम किनाऱ्यावरच्या संघांचे घरचे सामने मात्र बहुधा मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास सुरू होतात आणि सोमवारचा रात्रीचा सामना आपल्याकडे मंगळवारी पहाटे. ९ सप्टेंबर २०२४ च्या सोमवारी मॅकॅफ्री खेळणार नसल्याचे सामन्याच्या काही वेळ आधी जाहीर झाले, तेव्हा आपल्याकडे गणपतीच्या दिवसांतली मंगळवारची पहाट होती. सामना ५ वाजून ५० मिनिटांनी सुरू झाला आणि त्याच्या जागी उतरलेल्या जॉर्डन मेसनने २८ वेळा चेंडू घेऊन १४७ यार्ड धाव घेतली. आठवड्यातले बाकीचे सामने तोवर संपलेले असल्यामुळे, त्या सामन्यातलाच दुसरा खेळाडू हाताशी नसेल तर ती जागा शून्यावर जाणार, हे उघड होते. तेव्हा दोघे खरोखर तोडीस तोड असतील, आणि त्यांतला एक वारंवार ‘शंकास्पद’ यादीत येणारा व रात्री उशिरा खेळणारा असेल, तर मी रात्री साडेदहाला खेळणारा घेतो. यात कसलेही शास्त्र नाही. सकाळी कामावर जायचे असते.

ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात बातम्या वाचाव्यात, पण प्रशिक्षकांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या वागण्याकडे पाहावे. ‘दोघांनाही भरपूर संधी मिळेल’ हे वाक्य प्रत्येक छावणीतून येते. सरावाच्या सामन्यांत पहिल्या फळीबरोबर कोण उतरला, आणि कोणाला मुद्दाम बसवून जपून ठेवले, यावरून खरा मानकरी कळतो.

हे सारे आधी वहीत उतरवून ठेवावे, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी तिसऱ्या फेरीत माझी पाळी असताना मी दोन नावांमध्ये घुटमळत राहिलो आणि शेवटच्या वीस सेकंदांत वीज गेली. मोबाइलचे इंटरनेट जोडेपर्यंत वेळ संपून संगणकाने आपल्या यादीप्रमाणे तिसराच खेळाडू माझ्या पदरात टाकला होता. तेव्हापासून माझ्या वहीत रनिंग बॅकच्या पाच-सहा जोड्या आधीच लिहिलेल्या असतात: प्रत्येक नावापुढे झेल, सामन्यामागे मिळणारे काम, ५ यार्डांवरचा मानकरी, वारस आणि सामन्यांची वेळ, असे पाच रकाने. ज्याच्याकडे तीन रकाने झुकले त्याच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल केलेला असतो, आणि पाळी आली की मी पुन्हा विचार करत नाही.

जो सुटला त्याच्या नावासमोर, तो कोणाच्या संघात गेला, हे लगेच लिहून ठेवावे. ऑक्टोबरात त्या मित्राचे दोन रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) जायबंदी झाले आणि आपल्याकडे एक जास्तीचा असला, की अदलाबदलीची बोलणी सुरू करता येतात. टेक्सासातल्या मित्राला सांगलीहून फोन करायला सकाळी ७ ची वेळ चांगली. तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि माणूस जेवून निवांत बसलेला असतो.