नवी आवृत्ती टेबलावर घेण्याआधी

सगळ्यात आधी ग्रुपशी बोला आणि तीन सेशन पक्की करून घ्या. "एकदा बघू" एवढ्यावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचे, म्हणजे फासे टाकत काल्पनिक पात्रांची गोष्ट खेळायच्या त्या खेळाचे, २०२४ चे नियम टेबलावर आले, की दुसऱ्या तासाला कुणीतरी "आपलं जुनंच बरं" म्हणतं आणि विषय तिथंच संपतो. २०१४ ची आवृत्ती आपल्या अंगवळणी पडली आहे. कुठला नियम कुठे अडतो, तिथं काय करायचं, हे आपण कधीच आपसांत मिटवून टाकलंय. नव्या पुस्तकाला ही सवलत नाही, म्हणून त्याला निदान वेळ तरी द्यायला हवा.

हे मी कळकळीने सांगते, कारण २००८ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा आम्ही हॉस्टेलवर एका संध्याकाळीत तिचा निकाल लावला होता. तेव्हा अनेकांनी तेच केलं. २००९ मध्ये त्याआधीच्या साडेतीन आवृत्तीच्या पायावर उभा राहिलेला पाथफाइंडर हा दुसरा खेळ त्या नाराजीवरच वाढला. पण निम्मे किंवा त्याहून कमी हिट पॉइंट (किती जीव उरला ते मोजणारा आकडा) उरलेल्याला 'ब्लडीड' म्हणायची त्या आवृत्तीतली पद्धत २०२४ च्या नियमांत परत आली आहे, आणि आता मला ती फार आवडते. राक्षस किती जखमी आहे हे एका शब्दात सगळ्यांना कळतं. तेव्हा ती मला दिसलीच नाही, कारण मी ती आवृत्ती नीट खेळलेच नव्हते.

चालू कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या मोठ्या गोष्टीला, मात्र हात लावू नका. दोन वर्षं जपलेल्या कॅरेक्टरचा एखादा लाडका डाव नव्या नियमात बदलला की राग नियमांवर निघतो, तपासणी बाजूला राहते. नवी, लहानशी गोष्ट घ्या आणि कॅरेक्टरही नवी करा. पहिलं सेशन पहिल्या लेव्हलवर खेळा, कारण बॅकग्राउंडमधून, म्हणजे कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यातून, मिळणारे गुणांक आणि ओरिजिन फीट (एक खास कसब) तिथंच कळतात. दुसरं तिसऱ्या लेव्हलवर, कारण आता सगळ्या बारा क्लासना (फायटर, पॅलाडिन असे कॅरेक्टरचे प्रकार) सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, तिसऱ्या लेव्हललाच मिळतो. तिसरं सेशन थेट पाचव्या लेव्हलवर घ्या. तिथं दुसरा हल्ला आणि फायरबॉल हा आगीचा मंत्र (स्पेल) आले की लढाईचा वेग खरा समजतो.

पुस्तकं लगेच विकत घ्यायची गरज नाही. एप्रिल २०२५ मध्ये मूळ नियमांचा संच, म्हणजे एसआरडी ५.२, क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला झाला. तो फुकट उतरवता येतो. त्यात प्रत्येक क्लासचा एकेक सबक्लास आहे, शस्त्रं आहेत, स्पेल्स आहेत, राक्षसही आहेत. तीन सेशनना तेवढं पुरतं. तेवढ्यावर मन बसलं तर मग ३८४ पानांच्या प्लेअर्स हँडबुकचा खर्च करा.

राक्षस मात्र नव्या नियमांतलेच घ्या. आमच्याकडे पहिल्यांदा हीच चूक झाली होती: नवी कॅरेक्टर आणि जुने राक्षस. खेळाडू भलतेच भारी वाटले आणि आम्ही दोष आवृत्तीला दिला. जुना लांडगा चावला की सेव्ह करून, म्हणजे बचावाचा फासा टाकून, पायावर उभं राहता येत होतं, नवा लांडगा चावला की मध्यम आकाराचा माणूस सरळ खाली पडतो. लढाईचं गणितही बदललंय. तिसऱ्या लेव्हलचे चौघे आणि समोर दोन ओगर धरा. एका ओगरचे ४५० एक्सपी (त्याला हरवल्याचे अनुभवगुण), दोघांचे ९००. जुन्या पद्धतीत शत्रू दोन म्हणून दीडने गुणायचं, १३५० व्हायचे आणि लढाई 'हार्ड' ठरायची. आता गुणणं नाही. चौघांचं मध्यम लढाईचं बजेट २२५ गुणिले चार, म्हणजे बरोबर ९००. तीच लढाई नव्या हिशेबाने मध्यम. जुन्या अंदाजाने राक्षस मांडले तर सगळं मिळमिळीत होईल, म्हणून हा हिशेब आधी कागदावर करा.

आता सर्वांत जास्त वेळ जिथं द्यायचा ते: वेपन मास्टरी, म्हणजे हातातल्या शस्त्राचा खास गुण वापरता येणं. फायटरला पहिल्या लेव्हललाच तीन शस्त्रांची मास्टरी मिळते, आणि ती विसरली तर तुम्ही निम्मी नवी आवृत्ती खेळलाच नाहीत. असे एकूण आठ गुण आहेत. आम्ही टेबलावर मराठीत बोलतो, म्हणून मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर जाड पेनने मराठीत लिहून ठेवले. ग्रेटस्वर्डच्या पुठ्ठ्यावर 'ओरखडा: नेम चुकला तरी ताकदीच्या मॉडिफायरएवढं डॅमेज'. वॉरहॅमरवर 'ढकल: दहा फूट मागे'. मॉल या अवजड हातोड्याच्या पुठ्ठ्यावर 'लोळव: समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा, आठ अधिक तुझी ताकद अधिक प्रोफिशियन्सी'. ताकदीचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) अधिक तीन आणि प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) दोन असेल तर बेरीज करून १३ हा आकडाच पुठ्ठ्यावर लिहा, भर लढाईत कुणी बेरीज करत बसत नाही. दुसऱ्या सेशनला आमच्या फायटरने पुठ्ठा उचलून नुसतं "लोळव!" म्हटलं, ओगर आडवा झाला, आणि मागून आमच्या 'रोग' या चोरट्या कॅरेक्टरने ॲडव्हांटेज घेऊन (दोन फाशांतला मोठा आकडा धरून) खंजीर खुपसला. एरवी फायटर "मी मारतो" म्हणून फासा टाकायचा आणि मोबाइल बघायचा. त्या दिवशी मोबाइल उपडा पडून होता.

दुसरा एक कागद करायचा आहे तो सवयीच्या चुकांचा. हीलिंग पोशन आता बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत, पिता येतं. अचानक हल्ला झाला तर पहिला टर्न जात नाही, फक्त इनिशिएटिव्हला (कुणाचा टर्न आधी ते ठरवणाऱ्या फाशाला) डिसॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा धरायचा. क्युअर वूंड्स हा जखमा भरायचा स्पेल आता दोन डी-एट (आठ बाजूंचे फासे) एवढे हिट पॉइंट भरून काढतो. थकव्याचा लांबलचक तक्ता गेला, प्रत्येक पायरीला डी-ट्वेंटीच्या फाशातून दोन वजा. कुणाला धरून ठेवायचं तर समोरासमोर फासे टाकायचे नाहीत, धरला जाणारा सेव्ह करतो. हा कागद डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. पाठ आहेत असं वाटणारे नियमच जास्त चुकतात.

पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणाऱ्याशी आधी वेगळं बोला. डिव्हाइन स्माइट, म्हणजे घावाला जोडायचा त्याचा दैवी तडाखा, आता बोनस ॲक्शनचा स्पेल आहे, त्यामुळे एका टर्नमध्ये एकदाच. ज्याने आजवर दोन्ही घावांवर स्माइट उडवला त्याला हे लागतं, आणि लागणारच. त्याला ते टेबलावर, सगळ्यांसमोर कळू देऊ नका. मला स्वतःला हा बदल योग्य वाटतो, कारण पूर्वी मोठ्या राक्षसाचा शेवट नेहमी त्याच्याच हातून व्हायचा. तरी ते मत मी तिसऱ्या सेशननंतरच सांगितलं. डीएमने आधीच बाजू घेतली तर बाकीचे मोकळं बोलत नाहीत.

हाउस रूल्स, म्हणजे ग्रुपने स्वतः बनवलेले नियम, तीन सेशन बंद, आवडते असले तरी. एखादा नियम खटकला तर लगेच दुरुस्त करू नका. आहे तसा खेळा आणि वहीत टिपून ठेवा. वाद पाच मिनिटांच्या वर गेला की डीएम निर्णय देईल आणि नेमका नियम सेशननंतर शोधला जाईल, हेही आधी ठरवा.

रविवारी निघताना पिशवीत फाशांचा एक जास्तीचा संच, पुठ्ठे, छापलेली स्पेलची पानं आणि वही टाका. संपायच्या वीस मिनिटं आधीचा गजर लावा. गजर झाला की लढाई असेल तिथं थांबवून वही टेबलावर फिरवा. प्रत्येकाने दोनच गोष्टी लिहायच्या: आज कुठे अडखळलो, आणि कुठला टर्न पुन्हा खेळावासा वाटतो. तिन्ही रविवारची पानं एकत्र वाचल्याशिवाय नव्या आवृत्तीवर मतदान घेऊ नका.