बायोगॅसचं एलएनजी करायचं असेल तर ९६ टक्क्यांवर थांबून चालत नाही

सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबून भरलेल्या बायोगॅसचे प्लांट चालवणारे बरेच जण विचारतात, की आमचा मिथेन ९६ टक्के येतोय, आता पुढं फक्त लिक्विफायर, म्हणजे गॅस थंड करून द्रव करणारं मशीन लावलं की एलएनजी (द्रवरूप गॅस) सुरू ना? तर नाही. सीबीजीच्या आयएस १६०८७ या भारतीय मानकात मिथेन कमीत कमी ९० टक्के नि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) ४ टक्क्यांपर्यंत चालतो, कारण तो गॅस सिलेंडरमधे दाबून भरायचा असतो. एलएनजीसाठी तोच गॅस उणे १६२ डिग्रीपर्यंत थंड करायचा असतो आणि सीओटू उणे ७८ लाच बर्फ होतो. प्रमाण कमी असलं तर थोडा अजून खाली जाऊन गोठेल, पण गोठणारच.

हिशोब करून बघा. तासाला ५०० घनमीटर मिथेन आहे आणि त्यात २ टक्के सीओटू राहिलाय, म्हणजे तासाला १० घनमीटर, म्हणजे जवळपास २० किलो ड्राय आइस, आणि तो सगळा कुठं बसणार तर कोल्ड बॉक्सच्या (गॅस थंड करणाऱ्या बंद पेटीच्या) एक्स्चेंजरमधल्या बारीक बारीक वाटांमधे. तासाभरात चक्का जाम. म्हणून लिक्विफायरवाले सीओटू ५० पीपीएमच्या (दहा लाखात ५० भागांच्या) आत, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) ४ पीपीएमच्या आत आणि पाणी १ पीपीएमच्या आत मागतात. ५० पीपीएमला तोच आकडा तासाला ५० ग्रॅम होतो, आणि तेवढा लिक्विडमधे विरघळून निघून जातो.

आता कामाचा क्रम. मी प्रेसमडवरच्या (साखर कारखान्यात रस गाळून उरलेल्या गाळावरच्या) प्लांटचं धरून सांगतो, कारण आपल्या ऊसपट्ट्यात तेच जास्त आहेत.

सुरुवात डायजेस्टरपासूनच (माल कुजवून गॅस करणाऱ्या टाकीपासूनच) करायची, आणि माझ्या मते अर्धी लढाई इथंच असते. कच्च्या गॅसात मिथेन ५५-६० टक्के, सीओटू ४० टक्क्यांच्या आसपास, पाणी भरपूर आणि एचटूएस हजार-दोन हजार पीपीएम किंवा जास्त. स्पेंट वॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) मिसळत असाल तर एचटूएस २-३ टक्क्यांपर्यंत पण जातो. तो कमी करायला सीबीजीवाले डायजेस्टरच्या डोक्यावर थोडी हवा सोडतात, स्वस्तात काम होतं, बॅक्टेरिया एचटूएसचं गंधक करून टाकतात. पण एलएनजी करायचं असेल तर हा प्रकार बंद करा भाऊ. हवेतून अर्धा टक्का ऑक्सिजन आला की त्याच्यासोबत जवळपास २ टक्के नायट्रोजन फुकटात येतो, आणि पुढं सीओटू काढून टाकल्यावर तोच नायट्रोजन ३ टक्क्यांच्या वर जातो कारण बाकीचं वजा झालेलं असतं. पुढं सीओटू काढणारं अमाइनचं द्रावण त्याला पकडत नाही, मेंब्रेनची गाळणी पण नाही, तो मिथेनच्या गळ्यात गळा घालून शेवटपर्यंत जातो. नायट्रोजन उणे १९६ ला द्रव होतो म्हणून कंप्रेसरला जास्त वीज लागते, नंतर टाकीतून पहिला तोच उडतो, आणि ते उडालेलं परत इनलेटला सोडलंत तर गोल गोल फिरत साठत राहतो. त्यापेक्षा डायजेस्टरमधे फेरिक क्लोराइड डोस करा म्हणजे गंधक आयर्न सल्फाइड होऊन स्लरीतच बसतं, किंवा बाहेर चिलेटेड आयर्नचा स्क्रबर (लोहाच्या द्रावणानं गॅस धुणारं भांडं) लावा ज्यात द्रावण वेगळ्या टाकीत हवेनं ताजं होतं आणि ती हवा गॅसात मिसळत नाही.

हवा आपण सोडलीच पाहिजे असं पण नाही, ती स्वतःहून येते. एका ठिकाणी नायट्रोजन पाच टक्क्यांवर गेला होता आणि आम्ही दोन आठवडे पुढच्या मशीनला दोष देत बसलो, शेवटी निघालं काय तर ब्लोअरच्या सक्शनचा एक फ्लँज, तिथं दाब वातावरणापेक्षा कमी होता आणि गॅस्केट चिरलेली. साबणाच्या पाण्यानं बुडबुडे येईनात कारण गॅस बाहेर येतच नव्हता, हवा आत जात होती. तेव्हापासून माझा नियम, ब्लोअरच्या आधीची लाइन कायम थोड्या पॉझिटिव्ह प्रेशरला ठेवायची आणि ऑक्सिजनचा मीटर ब्लोअरनंतर लावायचा.

स्क्रबरनंतर उरलेला एचटूएस कार्बनच्या बेडवर घ्या. इथं एक गंमत, चिलरमधून ५ डिग्रीवर आलेला चिंब गॅस तसाच कार्बनवर सोडला तर कार्बन भिजून बसतो, आणि एकदम कोरडा केला तरी पोटॅशियम आयोडाइडवाला कार्बन नीट काम करत नाही. आधी थंड करून पाणी काढा, मग ब्लोअरच्या उष्णतेनं गॅस थोडा गरम होऊ द्या म्हणजे आर्द्रता निम्म्यावर येते, मग कार्बन. दोन बेड एकामागे एक ठेवा, मधे सॅम्पल पॉइंट. पहिल्यातून एचटूएस दिसायला लागला की कार्बन बदला आणि बेडची अदलाबदल करा. आयर्न ऑक्साइडचा मीडिया वापरत असाल तर वापरलेला माल सुका करून उघड्यावर ढीग मारू नका, हवा लागली की तो आपोआप तापून पेटतो.

मग मोठ्या प्रमाणातला सीओटू काढायचा. वॉटर स्क्रबिंग सोपं आहे पण गॅस ओला होतो आणि पाण्यात विरघळलेली हवा नायट्रोजन घेऊन येते, एलएनजीसाठी मला ते पसंत नाही. पीएसए (दाब कमी-जास्त करून सीओटू शोषून घेणारी पद्धत) आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसतो, पण शुद्धता वर ढकलली की टेल गॅसमधून (बाहेर टाकायच्या गॅसमधून) मिथेन जास्त जातो. तीन स्टेजचे मेंब्रेन १०-१६ बारला छान चालतात, फक्त कंप्रेसरचं तेल त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका. अमाइन हा एकटाच असा आहे की जो नीट डिझाइन केला तर सीओटू थेट पीपीएममधे आणतो आणि मिथेन जवळजवळ वाया घालवत नाही. पण त्याला रीबॉयलरसाठी (द्रावण तापवून सीओटू सोडवणाऱ्या भांड्यासाठी) ११०-१२० डिग्रीची उष्णता सतत लागते. कारखान्याच्या आवारात असाल तर म्हणाल वाफ आहे की, पण हंगाम संपला, बॉयलर बंद झाला की पुढचे पाच-सहा महिने वाफ कुठून? हे कागदावर प्लांट आखताना कुणाच्या लक्षात येत नाही आणि एप्रिलात सगळे एकमेकांकडं बघत बसतात. स्वतःचा छोटा बॉयलर धरणार नसाल तर मेंब्रेन घ्या.

यानंतर पॉलिशिंग, म्हणजे शेवटची सफाई. त्याला मॉलिक्युलर सिव्हचे (सूक्ष्म छिद्रांच्या खड्यांचे) दोन उभे बेड, प्रत्येकात खाली पाण्यासाठी ४ए जातीची सिव्ह, वर सीओटूसाठी १३एक्स, गॅस खालून वर. पाणी आधी अडवायचं कारण १३एक्सला सीओटूपेक्षा पाणी जास्त प्रिय, ते आत गेलं की सीओटूची जागा खातं. एक बेड कामावर, दुसरा २००-२५० डिग्रीच्या गरम गॅसनं ताजा होत असतो, आणि तो ताजा झालेला बेड पूर्ण थंड झाल्याशिवाय लाइनवर घ्यायचा नाही, गरम सिव्ह काहीच पकडत नाही. तो धुवून निघालेला गॅस फ्लेअरला (गॅस जाळून टाकायच्या चिमणीला) देऊ नका, कच्च्या गॅसच्या इनलेटला परत द्या. आणि मेंब्रेनमधून २ टक्के सीओटू येत असेल तर बेड अवाढव्य लागतात, म्हणून आधीच अर्ध्या टक्क्याच्या खाली आणायचा प्रयत्न करा. शेवटी पीपीएमवाला सीओटू ॲनलायझर आणि उणे ८० पर्यंत वाचणारा ड्यू पॉइंट मीटर (गॅसातलं पाणी मोजणारा) हवाच, सीओटू ४० पीपीएमला अलार्म, ५० ला गॅस कोल्ड बॉक्सकडं जाणं आपोआप बंद. पैसे वाचवायला टक्क्यांमधे मोजणारा ॲनलायझर बसवलात तर तो शून्य दाखवेल नि आत बर्फ जमत राहील.

एक गोष्ट मात्र बायोगॅसच्या फायद्याची. जमिनीतल्या गॅससारखे इथेन, प्रोपेन नि त्यावरचे जड घटक यात नसतात, त्यामुळं तेवढी कटकट वाचते. सिलॉक्सेन (सिलिकॉनची संयुगं) पण सांडपाण्याच्या नि कचऱ्याच्या गॅसात येतं, प्रेसमडला त्याची काळजी नाही.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो पण हलक्यात घेऊ नका. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो. एचटूएस १०० पीपीएमच्या पुढं गेला की त्याचा वास येणंच बंद होतं, म्हणून वास नाही म्हणजे गॅस नाही असं समजून खड्ड्यात उतरायचं नाही, छातीवर मीटर पाहिजेच. क्रायोजेनिक (अतिथंड द्रवाच्या) टाकीची परवानगी पेसोकडून, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेकडून लागते, मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, दाबाच्या टाक्यांचे एसएमपीव्ही रूल्स २०१६ वाचून मगच जागेचा नकाशा काढा, कारण टाकीभोवती सोडायचं अंतर बघितल्यावर अर्ध्या जागा बाद होतात.

पहिल्यांदा सुरू करताना सगळी लाइन कोरड्या नायट्रोजननं हवा जाईपर्यंत धुवा, मग शुद्ध गॅस कोल्ड बॉक्सला बायपास करून फ्लेअरला जळू द्या, दोन्ही मीटर काही तास स्थिर राहिले की मगच हळूहळू थंड करायला घ्या. एक्स्चेंजरच्या दोन टोकांमधला प्रेशरचा फरक दर शिफ्टला वहीत लिहा. गॅसचा फ्लो तेवढाच असताना तो फरक चढायला लागला तर बर्फ धरतोय, तेव्हा जोर लावून ढकलू नका, गॅस बंद करा, कोरड्या कोमट नायट्रोजननं बॉक्स वितळवा आणि तोवर पॉलिशिंगच्या बेडचा व्हॉल्व्ह लीक आहे का बघा, बहुतेक वेळा तोच असतो.